एक्सायटरवर आकडा दोन मिनिटांत बदलतो, मग आठवडा कशात जातो?

प्रश्न नागपुरातल्याच एका पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याचा आहे. तो विचारतो: डिजिटल प्रसारणाकडे जाताना टीव्ही ट्रान्समीटरचा चॅनेल बदलावा लागतो; आता चॅनेल क्रमांक तर स्क्रीनवरच टाकतात, मग एकेका केंद्राला आठवडा का लागतो? जुना अ‍ॅनलॉग ट्रान्समीटर डिजिटलवर चालवता येतो का? आणि सेमिनरी हिल्सच्या टॉवरवर हे काम कसं झालं असतं?

मी चौतीस वर्षं ट्रान्समीटरवर काढली. आधीची वर्षं विदर्भातल्या अ‍ॅनलॉग केंद्रांवर गेली, नंतरची एका कंत्राटदाराकडून पूर्व आफ्रिकेतल्या डिजिटल केंद्रांवर. त्यामुळे यातलं बरंचसं हाताने केलेलं आहे, तेच सांगतो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात एक गैरसमज आहे. आपल्याकडे ‘डिजिटल’ हा शब्द घराघरांत पोचला तो केबलमुळे. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत नागपूर होतं आणि त्याची मुदत होती ३१ मार्च २०१३. तेव्हा लोकांनी टीव्हीखाली जे खोके ठेवले त्यांचा टॉवरशी काही संबंध नव्हता. टॉवरवरून हवेतून जाणारं डिजिटल प्रसारण, म्हणजे डीव्हीबी-टी२, दूरदर्शनने २०१६ साली पहिल्या १६ शहरांत सुरू केलं. त्या यादीत आपल्या राज्यातून मुंबई आणि औरंगाबाद होती, नागपूर नव्हतं. पुढे २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केलं की मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० सोडले तर बाकी सगळे अ‍ॅनलॉग ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक गावांमध्ये जुना चॅनेल काढून नवा लावण्याची पाळी आलीच नाही. जुना थांबला आणि लोक डिशकडे किंवा केबलकडे गेले.

तरी तुझा प्रश्न मोलाचा आहे. जगात जिथे जिथे हे बदल झाले तिथे खरं काम चॅनेल बदलण्याचंच होतं, आणि काही देशांत तर ते दोनदा करावं लागलं. युरोप आणि आफ्रिकेसाठी जिनिव्हात २००६ साली करार झाला. त्यानुसार १७ जून २०१५ नंतर यूएचएफमधल्या, म्हणजे टीव्हीच्या वरच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यातल्या, अ‍ॅनलॉग केंद्रांना शेजारच्या देशाच्या हस्तक्षेपापासून संरक्षण उरणार नव्हतं, म्हणून सगळे घाईने डिजिटलवर गेले. तेवढ्यात ८०० आणि मग ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलला द्यायचं ठरलं. चॅनेल ५२ वर नुकतंच बसलेलं डिजिटल केंद्र पुन्हा उचलून चॅनेल ४८ किंवा त्याच्या खाली, म्हणजे ६९४ मेगाहर्ट्झच्या आत आणावं लागलं. माझ्या वाट्याला आलेली बहुतेक केंद्रं या दुसऱ्या फेरीतली.

आता मूळ मुद्दा. ट्रान्समीटरमध्ये चॅनेल ‘कळतो’ तो फक्त एक्सायटरला. एक्सायटर म्हणजे जिथे सिग्नल तयार होतो तो छोटा डबा. त्यात आकडा बदलला की दोन मिनिटांत नवी फ्रिक्वेन्सी बाहेर पडते, हे तू बरोबर वाचलंस. पण त्याच्या पुढे जे काही आहे ते धातूचं आहे, आणि धातूला चॅनेल कळतो तो त्याच्या लांबीतून. लांबी बदलायला पाना लागतो, मोजमाप लागतं आणि वेळ लागतो.

एक हिशेब करून बघ. चॅनेल ५२ चा मध्य ७२२ मेगाहर्ट्झ. तिथे तरंगलांबी साधारण ४१.५ सेंटिमीटर, पाव तरंगलांबी १०.४. चॅनेल ३० चा मध्य ५४६ मेगाहर्ट्झ, तिथे पाव तरंगलांबी १३.७ सेंटिमीटर. ट्रान्समीटरच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरच्या प्रत्येक कॅव्हिटीत, म्हणजे धातूच्या पोकळ डब्यात, मधोमध एक दांडी असते, ती ढोबळमानाने या पाव लांबीच्या आसपास काम करते. म्हणजे ५२ वरून ३० वर यायचं तर प्रत्येक दांडी तीनेक सेंटिमीटर आत सरकवायची. एका फिल्टरला सहा किंवा आठ कॅव्हिटी. दांड्यांबरोबर दोन कॅव्हिटींमधलं कपलिंग, म्हणजे एकीतून दुसरीत सिग्नल जाण्याचं प्रमाणही बदलतं, आणि एकीला हात लावला की शेजारची हलते. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं की फिल्टर आपल्याशी भांडतोय.

अ‍ॅनलॉगच्या काळात एवढ्या कडक फिल्टरची गरज नव्हती. चित्राचा कॅरिअर, म्हणजे ते वाहून नेणारी लहर, वेगळा, त्याच्यावर ५.५ मेगाहर्ट्झने आवाजाचा कॅरिअर, दोन्ही एका डिप्लेक्सरमध्ये एकत्र केले की झालं. डिजिटलमध्ये एकाच चॅनेलमध्ये हजारो बारीक कॅरिअर एकत्र चालतात: डीव्हीबी-टीच्या ८के मोडमध्ये ६८१७, टी२ च्या ३२के मोडमध्ये २७ हजारांच्या वर. हे सगळे एका अ‍ॅम्प्लिफायरमधून गेले की एकमेकांत मिसळतात आणि चॅनेलच्या दोन्ही बाजूंना घाण सांडते. स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर ती सपाट डोक्याखाली उतरत्या खांद्यांसारखी दिसते, म्हणून तिला आम्ही ‘शोल्डर’च म्हणतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी हे शोल्डर साधारण ३६ डेसिबल खाली असतात. शेजारच्या चॅनेलवाल्याला त्रास होऊ नये म्हणून त्यांना आणखी खाली दाबायचं, ते काम या मास्क फिल्टरचं.

फिल्टर ट्यून करताना मी एक पद्धत कधी सोडली नाही. आधी जुन्या चॅनेलवर त्याचा स्वीप, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर तो कसा वागतो त्याचा आलेख, घेऊन साठवायचा. उद्या कोणी म्हणालं की ‘आधी असा नव्हता’, तर हातात पुरावा हवा. मग सगळ्या दांड्या मोजपट्टीने अंदाजे नव्या जागी आणायच्या, एका टोकापासून सुरुवात करून एकेक कॅव्हिटी जुळवत जायचं, आणि शेवटी सगळ्यांना मिळून बारीक स्पर्श द्यायचा. पूर्ण चॅनेलभर रिटर्न लॉस, म्हणजे परत फिरणारा सिग्नल किती कमी आहे ते माप, २६ डेसिबलच्या वर आला की मी समाधान मानत असे. नंतर प्रत्येक लॉक नट आवळायचा, आणि आवळल्यावर पुन्हा स्वीप घ्यायचा, कारण आवळतानाही दांडी केसभर फिरते. फिल्टर चांगला असेल आणि हात बसलेला असेल तर हे अर्ध्या दिवसाचं काम. नसेल तर दोन दिवस.

इथे आपल्या नागपूरची एक गोष्ट आठवते. मे महिन्यात आपल्याकडे ४५-४६ अंश नवीन नाहीत. वातानुकूलन बंद पडलं की ट्रान्समीटर हॉलमध्ये काय होतं ते मी अ‍ॅनलॉगच्या काळात पुरेपूर पाहिलंय. तांब्याची दांडी प्रत्येक अंशाला लांबीच्या १७ दशलक्षांश भागाने वाढते. तापमान ३० अंशांनी वाढलं तर ६०० मेगाहर्ट्झला कॅव्हिटी सुमारे ३०० किलोहर्ट्झ खाली घसरते. मास्क फिल्टरच्या कडा उभ्या असतात, तिथे एवढी घसरण म्हणजे चॅनेलच्या एका काठचे कॅरिअर कापले जाणं. म्हणून चांगल्या फिल्टरमध्ये दांडीचा गाभा इन्व्हारचा असतो. हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू उष्णतेने जवळजवळ वाढतच नाही. फिल्टर विकत घेताना किंमत बघून हे सोडून देणारे लोक मला भेटले आहेत. आपल्या हवेत ते परवडत नाही, एवढं ठामपणे सांगतो.

फिल्टरनंतर कॉम्बायनर. एका अँटेनावर तीन-चार सेवा असतील तर त्या कॉम्बायनरमध्ये एकत्र येतात, आणि एकाचा चॅनेल बदलायचा तर बाकीच्यांना थोडा वेळ गप्प बसवावं लागतं. मग रात्री एक ते पहाटे पाच अशी वेळ मिळते. आठवड्याचे दिवस इथेच जातात. रोज चार तास, त्यातला अर्धा तास सगळं बंद करून कुलूप लावण्यात आणि चावी खिशात ठेवण्यात. त्या अर्ध्या तासाची काटकसर कधी करू नकोस. कोणीतरी लांबून ट्रान्समीटर चालू करील आणि तुझा हात उघड्या लाइनवर असेल, ही भीती खोटी नाही.

फीडर (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत जाणारी लाइन) आणि अँटेना यांच्याबद्दल पुस्तकं फार बोलत नाहीत, पण तिथे मोठे धक्के बसतात. यूएचएफचे पॅनेल अँटेना बहुधा पूर्ण पट्टा घेतात, त्यामुळे ते बदलावे लागत नाहीत. पण टॉवरवर कडक नळीचा फीडर असेल तर त्याचे तुकडे सारख्या लांबीचे असतात आणि प्रत्येक जोडावरून थोडासा सिग्नल परत फिरतो. तुकड्याची लांबी जेव्हा अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत येते तेव्हा सगळ्या जोडांवरची परतफेड एकाच तालात जमा होते. तुकडा ६ मीटरचा असेल तर हे दर २५ मेगाहर्ट्झला घडतं. चॅनेल ४३ चा मध्य बरोबर ६५० वर, म्हणजे या खड्ड्यात. दोनच घरं पुढे, ६६२ ते ६७० चा चॅनेल ४५, अगदी सुरक्षित. म्हणून अमेरिकेत चॅनेल बघून २०, १९.७५ किंवा १९.५ फुटांचे तुकडे निवडतात. कागदावर चॅनेल वाटणाऱ्याला तुझ्या टॉवरवरच्या नळीची लांबी ठाऊक नसते. वाटप झाल्याच्या दिवशीच ती तपासायची, ट्रान्समीटर ट्रिप होऊ लागल्यावर तपासून उपयोग नाही.

आता एक प्रसंग, जो मी शिकवताना नेहमी सांगतो. आफ्रिकेतल्या एका केंद्रावर आम्ही ५२ वरून ३० वर आलो. फिल्टर उत्तम, फीडर लवचीक केबलचा, म्हणून तीही काळजी नव्हती. पहाटे पॉवर चढवली. पॅनेलवरच्या मीटरने १ किलोवॅट दाखवलं आणि आम्ही झोपायला गेलो. दुपारपर्यंत तक्रारी आल्या. टॉवरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचंसुद्धा चित्र अडखळत होतं. शोल्डर वर आलेले, एमईआर, म्हणजे सिग्नलच्या शुद्धतेचं माप, घसरलेला. दिवसभर आम्ही अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर तपासत बसलो. त्यांच्यात काहीही दोष नव्हता. दोष होता मीटरच्या मागे बसलेल्या डायरेक्शनल कपलरमध्ये, म्हणजे लाइनमधून थोडासा सिग्नल उचलून मीटरला देणाऱ्या भागात. असा छोटा कपलर किती सिग्नल उचलतो ते फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात बदलतं. ७२२ वर जुळवलेला कपलर ५४६ वर जवळपास अडीच डेसिबल कमी उचलतो. म्हणजे मीटर १ किलोवॅट दाखवत होता तेव्हा खरे पावणेदोन किलोवॅट निघत होते आणि अ‍ॅम्प्लिफायर दमेपर्यंत धावत होता. मीटरला नवा चॅनेल कोणी सांगितलाच नव्हता, आणि ती जबाबदारी माझी होती. तेव्हापासून चॅनेल बदलला की मी आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा भार), वेगळ्या खात्रीच्या पॉवर मीटरने, पुढे जाणारी आणि परत येणारी दोन्ही मापं नव्याने लावून घेतो. उलट दिशेने, म्हणजे खालून वर गेलास, तर मीटर जास्त दाखवेल, तू पॉवर कमी करशील आणि गावाकडचे प्रेक्षक कारण न कळता काळोखात बसतील. ते आणखी वाईट, कारण स्टेशनवर सगळं हिरवं दिसतं.

शेवटी प्रीकरेक्शन. अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल जसा वाकवतो, एक्सायटर तो आधीच उलटा वाकवून पाठवतो. त्यासाठी त्याला बाहेरचा नमुना परत लागतो. अ‍ॅम्प्लिफायरचा वाकडेपणा सुधारायचा तर नमुना फिल्टरच्या आधीचा हवा, आणि फिल्टरमुळे काठांना पडणारा उशीर सुधारायचा तर फिल्टरच्या नंतरचा. या दोन केबल्सची अदलाबदल झालेली मी किमान चार ठिकाणी पाहिली आहे. फिल्टरनंतरचा नमुना घेतला तर शोल्डर आधीच कापलेले असतात, एक्सायटरला वाटतं सगळं छान आहे. एमईआर ३३ डेसिबलच्या खाली असेल तर मी सहीच करत नसे.

जुना अ‍ॅनलॉग ट्रान्समीटर वापरता येतो का? नंतरच्या काळातले यूएचएफचे सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारे, ट्रान्समीटर वापरता येतात. त्यांचे एलडीएमओएस (एका जातीच्या ट्रान्झिस्टरचे) अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण पट्टा घेतात, त्यामुळे एक्सायटर बदलायचा, डिप्लेक्सर काढून मास्क फिल्टर लावायचा. पण पाटीवरच्या आकड्यावर जाऊ नकोस. अ‍ॅनलॉगचे १० किलोवॅट हे शिखराचे, डिजिटलचे सरासरीचे. हजारो कॅरिअरच्या या पद्धतीची, म्हणजे ओएफडीएमची, शिखरं सरासरीच्या दहापट आणि त्याहूनही वर उसळतात, त्यांना जागा सोडावी लागते. म्हणून त्याच यंत्रातून दोन-अडीच किलोवॅटच हाती येतात. सुदैवाने तेवढ्याच परिसराला डिजिटलमध्ये तेवढी पॉवर पुरते. व्हीएचएफचा, म्हणजे टीव्हीच्या खालच्या पट्ट्यातला, ट्रान्समीटर मात्र यूएचएफवर कधीच येणार नाही. १७५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी पावणेदोन मीटरच्या घरात असते, त्या मापाचा अँटेना आणि ती कॅव्हिटी नव्या पट्ट्यात निरुपयोगी. आपल्याकडचं डिजिटल ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झमध्ये म्हणजे चॅनेल २१ ते ३४ मध्ये योजलेलं आहे, म्हणून व्हीएचएफवरच्या केंद्राला ‘री-ट्यून’ हा शब्दच लागू होत नाही. ते नवं केंद्र उभारणं आहे. जुन्या ट्यूबवाल्या यंत्रांबाबत एक कळकळीची सूचना: त्यातल्या काही पांढऱ्या सिरॅमिक भागांत बेरिलियम ऑक्साइड असतो. भंगारात फोडू नकोस, घासू नकोस, त्याची धूळ फुफ्फुसात गेली की परत निघत नाही.

टॉवरकडचं काम संपलं तरी अर्धं काम प्रेक्षकाच्या घरात राहतं. चॅनेल बदलला त्या सकाळी प्रत्येक घरात पुन्हा स्कॅन करावं लागतं, आणि म्हातारी माणसं एकटी असतील तर तेवढ्यासाठी त्यांचा टीव्ही बंद पडतो. ब्रिटनने हे ओळखून प्रत्येक विभागात आधी एकच अ‍ॅनलॉग वाहिनी बंद केली आणि बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांनी बाकीच्या. त्या मधल्या काळात लोकांना कळलं की आपल्याला काहीतरी करायचं आहे. हा मला संपूर्ण स्थलांतरातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. अमेरिकेत दुसऱ्या फेरीत ९८७ केंद्रांना नवे चॅनेल मिळाले. शेजारच्याने जागा सोडल्याशिवाय आपल्याला बसता येत नाही, म्हणून ते काम दहा टप्प्यांत जुलै २०२० पर्यंत चाललं.

आणि डिजिटलचा कडा लक्षात ठेव. अ‍ॅनलॉगमध्ये कामठीच्या पुढे, रामटेककडे जाताना चित्रात मुंग्या वाढत जात, पण बातम्या ऐकू येत. डिजिटलमध्ये एका घरी चकचकीत चित्र आणि मागच्या गल्लीत काळा पडदा. किती दाट मॉड्युलेशन ठेवायचं, म्हणजे एकेका कॅरिअरवर किती माहिती लादायची, यावर हा कडा कुठे येईल ते ठरतं. ब्रिटनने टी२ वर २५६-क्यूएएम हे दाट मॉड्युलेशन ठेवून एका चॅनेलमधून सेकंदाला ४० मेगाबिटांच्या वर नेले. त्याहून विरळ ६४-क्यूएएमवर वाहिन्या कमी जातील, पण चारेक डेसिबलची सवलत मिळते, आणि आपल्यासारख्या विरळ वस्तीच्या भागात ते चार डेसिबल म्हणजे कित्येक गावं. माझा कौल कायम गावांच्या बाजूने पडला आहे.

हाताने शिकायचं असेल तर घरात पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा असेलच. इतवारीतून तांब्याच्या नळीचा तुकडा आण, एक टोक डब्याच्या तळाला मधोमध नीट डाग देऊन जोड आणि नळी १५ सेंटिमीटर उभी ठेव. तळाजवळ समोरासमोरच्या भिंतींवर दोन कनेक्टर बसव, प्रत्येकाला आतून अंगठ्याएवढा तारेचा लूप. वर पत्रा झाकून नॅनोव्हीएनए (स्वीप घेणारं हातात मावेल एवढं यंत्र) जोडलास की ५०० मेगाहर्ट्झच्या थोडं खाली एक टोकदार शिखर दिसेल. नळी अर्धा सेंटिमीटर काप आणि शिखर किती वर सरकतं ते वहीत लिही. मग लूप लहान कर, तिरपा कर, शिखराची रुंदी बघ. ते जमलं की डबा दुपारी गच्चीवर उन्हात ठेव, तासाभराने पुन्हा मोज, आणि आलेले आकडे मला कळव.